काळ्या टेपखालचा दिवा

पहिल्यांदा तो दिवा लागला तेव्हा मी खरोखर घाबरलो होतो, हे आधीच लिहून ठेवतो. पुढे मी जे केलं ते वाचल्यावर कोणाचा त्यावर विश्वास बसणार नाही.

गाडी म्हणजे रस्त्यावर मिरवायची गाडी नव्हे. दोन माणसं शेजारी शेजारी मावतील एवढी सीट, मागे सामान टाकायला उघडा हौदा, डोक्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि जाड खाचांचे टायर. यूटीव्ही म्हणतात तिला. खडकाळ उतार, चिखल, ओढ्याचं पात्र अशा ठिकाणी ओझं न्यायचं-आणायचं हेच तिचं काम. दारांच्या जागी जाळ्या आहेत आणि आरसासुद्धा नंतर बसवलेला आहे. डॅशबोर्डवर मात्र दिव्यांची ओळ आहे, आणि त्यात एक लाल दिवा: वर्तुळ, त्याच्या दोन बाजूंना दोन कंस, मधे उद्गारचिन्ह.

हे चिन्ह बहुतेक देशांत सारखंच असतं. वाहनांवरच्या चिन्हांसाठी आयएसओ २५७५ नावाचं मानक आहे, त्यात ते दिलेलं आहे. दोन कंस म्हणजे जुन्या ड्रम ब्रेकमधले दोन शू, म्हणजे चाकातल्या पिंपाला आतून दाबणारे वाकडे तुकडे. आमच्या गाडीला ड्रम नाहीतच, चारही चाकांना डिस्क आहेत. म्हणजे दिव्यावरचं चित्रसुद्धा दुसऱ्याच कुठल्यातरी ब्रेकचं. हे तेव्हा माहीत असतं तर दिव्यावर किती विसंबायचं याचा मी जरा आधी विचार केला असता.

हौद्यात कुंपणाचे खांब होते, उतार लागला होता, चाक एका दगडावरून घसरलं, गाडी उजवीकडे कलली आणि दिवा लागला. मी जागच्या जागी थांबलो, चाकांखाली दगड लावले आणि मगच श्वास सोडला. त्या दिवशी जे जे करायला हवं ते सगळं मी केलं. ब्रेक ऑइलचा डबा पाहिला, तेल कमाल आणि किमान रेघांच्या मधे होतं. चारही कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारे भाग, आणि नळ्यांवरून बोट फिरवलं, कुठे ओल नव्हती. पेडल दाबून अर्धा मिनिट तसंच धरलं. पेडलने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं असेल तर अशा वेळी पेडल हळूहळू खाली बसत जातं, पायाखालून जमीन सरकावी तसं. पेडल हललं नाही. हँडब्रेक खाली होता. सपाटीवर नेऊन दोनदा जोरात ब्रेक मारला, गाडी सरळ रेषेत थांबली.

ब्रेक उत्तम होते. दिवा म्हणत होता, नाहीत. दोघांतला एक खोटा होता आणि दिव्याचा रंग लाल असल्यामुळे मी ब्रेकवर संशय घेतला.

तेलाच्या ब्रेकचं तत्त्व सतराव्या शतकातलं आहे. बंद जागेतल्या द्रवाला एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे ब्लेझ पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितलं. मोटारींपर्यंत यायला त्याला वेळ लागला; १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले. पाय मास्टर सिलिंडरमधल्या तेलाला ढकलतो, तेल कॅलिपरमधल्या दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या पॅडला डिस्कवर दाबतो. या सगळ्या साखळीत कुठेही वायर नाही. हे वाक्य मी नंतर स्वतःशी अनेकदा म्हटलं. त्या दिवशी म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्या लाल दिव्याला खबर कुठून मिळते? दोन ठिकाणांहून. एक, हँडब्रेकच्या दांड्याखाली बसवलेला छोटा स्विच: दांडा वर ओढला की दिवा लागतो. दुसरा, ब्रेक ऑइलच्या डब्यात तरंगणारा बोंडासारखा तुकडा. त्यात चुंबक असतं आणि खाली काचेच्या बारीक नळीत दोन लवचिक पत्त्या. तेल कमी झालं की बोंड खाली बसतं, चुंबक जवळ येतं, पत्त्या एकमेकींना चिकटतात आणि दिवा लागतो. काचेच्या नळीतला हा स्विच वॉल्टर एलवुड या माणसाने १९३६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत काम करताना शोधला, टेलिफोनच्या यंत्रणेसाठी. मला हा स्विच फार आवडतो. हवाबंद काचेत असल्यामुळे धूळ नाही, गंज नाही, बाहेरून कोणी हात लावत नाही, आणि तरी दूरच्या चुंबकाने आतले दोघे भेटतात.

आवडत असूनही मी त्याच्यावरच आळ घेतला. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. मी उतरलो, पुढचं झाकण उघडलं, डब्यावरच्या त्या सेन्सरचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग, काढला आणि वळसा घालून डॅशबोर्ड पाहिला. दिवा विझलेला! कपलर लावला आणि पाहिलं, तरीही विझलेलाच. त्याचा अर्थ मी असा लावला की सेन्सर आतून गेलाय आणि हात लागला की थोडा वेळ शहाण्यासारखा वागतो. नवा मागवला, बसवला. दोन दिवस सपाटीवरचीच कामं होती. दिवा लागला नाही. मी घरात दोन वेळा तरी सांगितलं असेन की बिघाड शोधायला डोकं लागतं.

तिसऱ्या दिवशी उतारावर दिवा पुन्हा लागला.

कायमचा बिघाड गरीब असतो. तो जिथे असतो तिथेच बसून राहतो, तुम्ही मीटर घेऊन पोचेपर्यंत वाट बघतो. येऊन-जाऊन असणारा बिघाड दाताच्या दुखण्यासारखा असतो, डॉक्टरांच्या दारात पाऊल ठेवलं की थांबतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो थांबला त्या क्षणी तुमच्या हातात जे काही असेल त्यालाच तुम्ही उपाय समजता. माझ्या हातात कपलर होता. पाण्याची बाटली असती तर तीच औषध ठरली असती.

त्यानंतर मी काय काय केलं याची यादी देण्यात अर्थ नाही. फ्यूज काढून लावला. बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी घासून स्वच्छ केली. हँडब्रेकच्या स्विचवर संपर्क साफ करायचा स्प्रे मारला. तेल कमी नसतानाही कमाल रेघेपर्यंत भरलं, हा तर शुद्ध मूर्खपणा. पॅड झिजले की दट्टे पुढे सरकतात, त्यांच्या मागची जागा तेल भरतं आणि डब्यातली पातळी उतरते. म्हणजे खाली गेलेली पातळी ही झिजलेल्या पॅडची चिठ्ठी असते. वरून तेल ओतणं म्हणजे न वाचताच ती फाडून टाकणं. शिवाय पुढे नवे पॅड घालताना दट्टे मागे ढकलले की तेच जादा तेल डब्यातून उतू जातं आणि जिथे सांडेल तिथला रंग सोलून काढतं.

दर वेळी दिवा थोडा वेळ गप्प बसायचा आणि दर वेळी परत यायचा. आठवड्याभरात मला त्याची सवय झाली, आणि सवयीतून राग. दिवा लागला की मी आधी ब्रेकवर पाय ठेवून बघायचो. मग नुसताच दिव्याकडे बघायचो. मग बघणंही सोडलं. पण संध्याकाळच्या अंधारात तो लाल ठिपका नजरेच्या कडेला सारखा टोचायचा. एके दिवशी मी हत्यारांच्या पेटीतून काळी इन्सुलेशन टेप काढली, नखाएवढा तुकडा कापला आणि त्यावर चिकटवला.

छान बसला. डॅशबोर्डही काळाच होता, पटकन दिसूनसुद्धा येत नव्हता.

ताईने दुसऱ्या दिवशी विचारलं, "दिवा सापडला का रे तुझा?"

"झाला बंद," मी म्हटलं. व्याकरणाच्या दृष्टीने हे खोटं नव्हतं.

टेप लावताना मी एक गोष्ट विसरलो. ती लिहिताना आजही लाज वाटते, कारण ती मला माहीत नव्हती असं नाही. वरच मी तुम्हाला सांगितली. त्या एका दिव्याला दोन ठिकाणांहून खबर येते. मी झाकत होतो तो एक खोटा निरोप, पण त्याच खिडकीतून येणारे खरे निरोपही झाकले गेले.

दहाएक दिवसांनी मी चढावर गाडी थांबवली होती, म्हणून हँडब्रेक ओढलेला होता. निघताना तो पूर्ण खाली गेला नाही, दोन दात वर राहिला. काही गाड्यांत हँडब्रेक लागलेला असला की इंजिन वेगच घेऊ देत नाही. आमच्या गाडीत तसं काही नाही, तिचा भरवसा त्या दिव्यावर. दिवा लागला असणारच, टेपखाली. मी चढ चढत राहिलो. गाडी जड वाटत होती, पण हौद्यात दगड होते. जळका वास आला, तेव्हा वाटलं गिअरच्या जागी असतो तो रबरी बेल्ट तापला असेल. चढावर ओझं असलं की त्याला वास येतोच. प्रत्येक खुणेला माझ्याकडे तयार उत्तर होतं.

आमच्या गाडीत हँडब्रेकची केबल मागच्या कॅलिपरलाच ओढते. म्हणजे मागचे पॅड दोन किलोमीटर डिस्कवर घासत होते. डिस्क तापली, पॅड तापले, कॅलिपर तापला आणि त्याच्या पोटातलं तेलही तापलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, हा त्याचा स्वभावच आहे. डॉट ३ प्रतीचं तेल ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. आमच्या गाडीतलं तेल शेवटचं कधी बदललं होतं ते मला आठवत नव्हतं, यावरून काय ते समजा. उकळलं की वाफ होते. तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दबते, आणि जोर तिथेच जिरतो.

माथा ओलांडून उतार लागला. पहिल्यांदा पेडल दाबलं तेव्हा ते नेहमीपेक्षा खाली गेलं. दुसऱ्यांदा आणखी खाली. तिसऱ्यांदा ते सरळ तळाला टेकलं आणि गाडी काहीच झालं नाही अशी चालत राहिली.

अशा वेळी माणसाला भीती वाटते असं म्हणतात. मला आधी अपमान वाटला. मग भीती. पेडल भराभर मारत राहिलो, थोडीशी पकड आली आणि गेली. गाडीचं तोंड उजवीकडच्या मातीच्या बांधाकडे वळवलं आणि डाव्या हाताने हँडब्रेक ओढला. तेव्हा कळलं, दांडा जिथून सुरू व्हायला हवा तिथून सुरू झालाच नाही. तो आधीच वर होता. हँडब्रेक केबलवर चालतो, त्याला तेलाशी देणंघेणं नाही. पुढची चाकं बांधावर चढली, केबलने मागची धरली, दोन-चार दगड हौद्यातून उडून माझ्या मागच्या जाळीवर आदळले आणि गाडी थांबली.

मागच्या चाकांतून धूर येत होता. मी बांधावर बसून राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही. नंतर उठून पेडल दाबून पाहिलं, तर घट्ट! जसं पहिल्या दिवशी होतं तसंच. वाफ थंड होऊन पुन्हा तेल झाली होती. थोड्या वेळाने कोणी तिथे येऊन गाडी तपासली असती तर म्हणाला असता, काय झालंय या ब्रेकला? चांगले तर आहेत.

टेप मी तिथेच ओरबाडून काढली.

घरी आल्यावर ताईला सगळं सांगितलं. टेपचंही. ती रागावली नाही, हे जास्त वाईट होतं. एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी मी येते खाली. दोघं मिळून बघू."

सकाळी मागचे पॅड काढले तर काचेसारखे चकाकत होते, बदलावेच लागले. मग तेल बदलायचं. हे एकट्याचं काम नाही. एकाने सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाजवळ बसून कॅलिपरवरचं निपल, म्हणजे तेल आणि हवा बाहेर सोडायचं छोटं तोंड, उघडायचं आणि बंद करायचं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत. "दाब... दाब... दाब... धरून ठेव." निपल पाव फेरा उघडायचं, पेडल खाली जातं, काळपट तेल आणि बुडबुडे नळीतून पळतात. "धरलंयस ना?" निपल बंद. "सोड." पाय निपल बंद होण्याआधी सुटला तर नळीतली हवा उलटी आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण आपल्या गाडीच्या पुस्तकात जो क्रम असेल तोच खरा. तेलही डब्याच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच, नुकत्याच फोडलेल्या बाटलीतलं. इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो: डॉट ५ आणि डॉट ५.१ ही दोन अगदी वेगळी तेलं आहेत. पहिलं सिलिकॉनचं, दुसरं डॉट ३ आणि ४ च्या घराण्यातलं, आणि दोघांची सरमिसळ चालत नाही. नावात एका टिंबाचा फरक ठेवणाऱ्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने तेल भरून बघायला हवं होतं.

जागा अंधारी होती म्हणून मी गाडीची चावी फिरवून मागचे दिवे लावले होते. दुसऱ्या चाकाचं काम चालू असताना ताई वरून म्हणाली, "अरे, तुझा दिवा लागला."

"तेल कमी झालं असेल डब्यात," मी खालूनच सांगितलं. ते बरोबरही असू शकत होतं. हवा काढताना डब्यातलं तेल उतरतंच. मी उठलो, तेल बघायला पुढे गेलो. मला वाट द्यायला ताई खाली उतरली.

तेल भरपूर होतं. दिवा विझला होता.

"विझला बघ," मी म्हटलं. "असंच करतो तो."

ताई पुन्हा बसली. दिवा लागला. ती उतरली. विझला. पुन्हा बसली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी उतरले की तुझं तेल वाढतं का रे?"

मी हातात पाना घेऊन उभा राहिलो. तीन आठवडे प्रत्येक वेळी मी काय केलं होतं? दिवा लागला की आधी सीटवरून उठलो होतो. मग झाकण उघडलं, कपलर काढला, फ्यूज काढला, स्प्रे मारला. दिवा विझायचा, पण त्या कशानेही नाही. मी उठलो म्हणून तो विझायचा. बिघाड माझ्या बुडाखाली होता आणि तो बघायला जाताना दर वेळी मीच तो मिटवत होतो.

पुढचा शोध अर्ध्या तासाचा, आणि तो पहिल्या दिवशीही अर्ध्याच तासाचा होता. चावी फिरवली की दिव्याच्या एका टोकाला बॅटरीचे १२ व्होल्ट येऊन थांबतात. दुसऱ्या टोकाची वायर पुढे जाऊन दोन फाटे फुटतात, एक हँडब्रेकच्या स्विचकडे, एक तेलाच्या सेन्सरकडे. दोन्ही स्विच इतकंच करतात, ती वायर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडून देतात. सांगाडा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. अर्थिंग मिळालं, सर्किट पूर्ण, दिवा लागला. म्हणून आधी सेन्सरचा कपलर काढला आणि ताईला बसवलं: दिवा लागला. मग हँडब्रेकच्या स्विचचाही काढला: तरी लागला. दोन्ही साक्षीदार घरी पाठवले आणि साक्ष चालूच! म्हणजे साक्ष देणारा तिसराच कोणीतरी होता. उरली होती फक्त वायर.

चावी बंद केली, मीटर कंटिन्युइटीवर लावला, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की तो वाजतो, एक टोक वायरला आणि एक सांगाड्याला. ताई उठली की शांतता, बसून उजवीकडे कलली की बीप. "मला वाजवतोयस काय," ती म्हणाली, पण कलत राहिली. मी सीटखाली हात घालून वायरिंगचा जुडगा बोटाबोटाने चाचपत गेलो. सीटच्या उजव्या पायाजवळ जुडगा धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटलेली होती. जुडगा खाली लोंबून एका बोल्टच्या कडेवर टेकला होता. तिथे बाहेरचं आवरण घासून गेलं होतं आणि आत एकाच वायरचं, हँडब्रेकच्या वायरचं, तीळभर तांबं उघडं पडलं होतं. सीटवर वजन आलं आणि गाडी उजवीकडे कलली की ते तांबं बोल्टला टेकायचं.

बोल्ट आणि हँडब्रेकचा स्विच यांच्यात दिव्याच्या दृष्टीने काहीच फरक नाही. दोघंही वायरला सांगाड्याशी जोडतात. म्हणजे मी ज्याला खोटारडा म्हणत होतो त्या दिव्याने तीन आठवड्यांत एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. "ही वायर सांगाड्याला लागली आहे" एवढंच वाक्य त्याला येत होतं आणि ते प्रत्येक वेळी खरं होतं. त्याचं "ब्रेक गेले" असं भाषांतर मी करत होतो, आणि मग "काही झालेलं नाही" असंही मीच.

हा घोळ फार मोठ्या ठिकाणीही झालेला आहे. २८ मार्च १९७९ ला पहाटे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामध्ये थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये दाब वाढला म्हणून एक झडप आपोआप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती, ती उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला. तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता; झडप उघडी धरणाऱ्या विजेला जोडलेला होता. वीज बंद झाली, दिवा विझला, आणि तिथल्या माणसांनी वाचलं, झडप मिटली. भट्टी थंड ठेवणारं पाणी त्या उघड्या झडपेतून दोन तासांहून जास्त वेळ निसटत राहिलं आणि गाभ्याचा काही भाग वितळला. पहिल्या काही मिनिटांत तिथे शंभराहून अधिक इशारे एकदम वाजत-लागत होते. त्या लोकांबद्दल वाचताना मी पूर्वी जरा वरच्या पट्टीतून वाचायचो, एवढी शिकलेली माणसं आणि असं कसं. आता तसा वाचत नाही. त्यांच्याकडे शंभर होते. माझ्याकडे एक दिवा होता.

दुरुस्ती लहानशीच. गेलेला तुकडा कापला, वायर जोडून त्यावर तापवल्यावर आवळून बसणारी नळी चढवली, जुडग्याला खाचांची प्लास्टिकची नळी घातली आणि नव्या क्लिपने तो बोल्टपासून लांब बांधला. उघड्या तांब्यावर आवरण घालणं हेच खरं तर त्या काळ्या टेपचं काम. पण चिखलपाण्यात तिचा चिकटपणा सुटतो, म्हणून तिथे ती वापरली नाही. पेटीत परत टाकताना ताईने ती उचलली आणि स्वतःच्या खिशात घातली. मी काही म्हटलं नाही.

चावी फिरवली की सगळे दिवे दोन-तीन सेकंद लागून विझतात, आपण जिवंत आहोत हे दाखवायला. ते मी आता बघतो. लाल दिव्याच्या काचेवर टेपचा चिकट चौकोन राहून गेलाय, त्यावर धूळ बसते आणि पुसली तरी पूर्ण जात नाही.

मागच्या आठवड्यात त्याच उतारावर, त्याच वळणाच्या अलीकडे, तो पुन्हा लागला. गाडी उजवीकडे कललेली होती. मनात आलं, क्लिप सुटली असणार. थांबलो, चाकांखाली दगड लावले आणि सीटवरचं वजन काढून बघावं म्हणून बाजूला उभा राहिलो.

दिवा तसाच होता.

हँडब्रेकच्या दांड्याकडे पाहिलं. एक दात वर होता. खाली केला, दिवा विझला. मागच्या डिस्कजवळ हात नेऊन पाहिला, कोमट होती. ती पूर्ण थंड होईपर्यंत मी बांधावर बसलो.